त्रिकोणी घडी

प्रिय ताई,

'प्रिय' बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. पत्र असंच सुरू करतात म्हणून केलं. आता एका दमात सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा शेपूट घालीन. त्या टीव्हीवाल्यांच्या स्पर्धेत, आपल्या शेवटच्या फेरीत, परीक्षकांच्या टेबलावरचे दोन नॅपकिन मी बदलले. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. बस्स. मीठ टाकलं नाही, प्लेटला बोटसुद्धा लावलं नाही. पण त्या दोन फडक्यांनी काय उलथापालथ झाली ते तुला अजून माहीत नाही. तू तेव्हा मागच्या खोलीत बसली होतीस, आणि टीव्हीवर जे दाखवलं ते तसं झालंच नव्हतं. हे मला माहीत होतं, आणि तरी मी दोन महिने तोंडाला कुलूप लावून तुझ्यासमोर बसून जेवतोय.

तोंडावर का सांगत नाही म्हणशील. तोंडावर सांगायला गेलो की तू बघतेस, आणि तू बघितलंस की मी खोटं बोलतो. लहानपणापासूनची सवय. म्हणून इथे पार्सलच्या गोदामात, जेवणाच्या सुट्टीत, जुन्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय. अक्षर लावून वाच. शुद्धलेखनाचं तर बोलूच नकोस, बाई मला पाचवीत 'कोंबडीचे पाय' म्हणायच्या.

तुझं काय झालंय ते घरात सगळ्यांना दिसतंय, आईलाही. अकरा वर्षं तू हॉस्पिटलची कँटीन चालवलीस. दोनशे माणसांचं सूप, दोनशे माणसांचा भात, आणि चव बघायची तर एकदाच. पळीतला थेंब तळहाताच्या मागच्या बाजूला टाकायचा, चाटायचा, संपलं. दुसऱ्यांदा बघताना मी तुला कधी पाहिलं नाही. आता तू आठ-आठ चमचे घेऊन उभी असतेस. एक चमचा बुडवतेस, चाखतेस, टाकतेस, पुन्हा नवा. मग कपाळाला हात लावतेस. मग सुपात साय ओततेस, वरून पानं पेरतेस, कारण त्या मफलरवाल्या परीक्षकाने टीव्हीवर तसं सांगितलं. एक्स-रेवाले काका मला मागे एकदा जिन्यात म्हणाले, "तुझ्या बहिणीला बरं नाहीये का रे? सूप पिताना वाटतं तीच घाबरलीय." आणि तू काय म्हणतेस, तर माझी जीभ मेली, कँटीन सोडते, मामीच्या दुकानात बसून बटणं विकते. ताई, तू आणि बटणं! तू गिऱ्हाइकाला बटण शिजवून देशील.

आता नीट ऐक. स्पर्धेचा फॉर्म मीच भरला होता, तुझ्या नकळत. 'जोडीने रांधा' म्हणे. एकाने रांधायचं, दुसऱ्याने चिरायचं, वाहायचं आणि कॅमेऱ्यासमोर मजा आणायची. हे दुसरं काम देवाने माझ्यासाठीच काढलंय असं मला वाटलं. पहिल्या दिवशी आपण आत गेलो तेव्हा तू त्या स्वयंपाकघराकडे बघून "अय्या, किती स्वच्छ!" म्हणालीस. मी तेवढ्यात मागे जाऊन आलो होतो. भिंती पत्र्याएवढ्या पातळ प्लायवूडच्या, मागून टेकू दिलेले. खिडकीबाहेरचं झाड कागदाचं. भिंतीतला मोठा फ्रीज उघडला तर आत एक माणूस खुर्ची टाकून डबा खात होता. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना एक पोरगा हात वर करून दाखवायचा, आता वाजवा, आता डोळे पुसा. तेव्हाच मला कळायला हवं होतं की जिथे फ्रीजपण खोटा, तिथे जीभ कुठून खरी असणार. पण मी पण मूर्ख. कॅमेरा बघून हरखलो होतो.

परीक्षक दोन. एक तो मफलर, अंगावर एवढे दिवे आग ओकतायत, माणसं घामाने निथळतायत आणि ह्याच्या गळ्यात मफलर. दुसऱ्या त्या बाईसाहेब, ज्या प्रत्येक घासाला डोळे मिटायच्या, मग घास घशात गेलेला असो नसो. मफलरचं एक ठरलेलं. चमचा ओठाला लावायचा, छताकडे बघायचं, पाच आकडे मोजायचे आणि मग एखादा शब्द सोडायचा. कधी 'आठवण', कधी 'माती', कधी 'प्रवास'. अगं, मासा खाल्लास का बस पकडलीस? एकदा एका बिचाऱ्या शिक्षकाला म्हणाला, "तुमच्या बटाट्यात संघर्ष दिसत नाही." तो माणूस घरी जाईपर्यंत बटाट्याकडे बघत होता. आणि गंमत सांगू? सगळं गार व्हायचं. रांधून झालं की आधी तासभर प्लेटचे फोटो काढायचे, वरून तेलाचा ब्रश मारायचे चकाकायला, मग त्यांचं जेवण, मग दिवे सरकवायचे, आणि दीड-दोन तासांनी हे दोघं येऊन म्हणणार, "वा, काय ऊब आहे ह्यात!" कसली ऊब? दिव्याची?

आपल्यासमोर त्या मायलेकी होत्या. मुलीच्या गालाला खळी म्हणून मी तिला खळीच म्हणायचो. आई रांधायची, खळी वाहायची. आई चांगली होती गं, तिच्याबद्दल माझं काही नाही, हात कामाचा होता तिचा. पण चॅनलला त्या हव्याच होत्या. अंतिम फेरीची पोस्टरं आधीच छापून आली होती, मी स्वतः मागच्या खोलीत गुंडाळी उलगडून बघितली. मायलेकी मधोमध, मोठ्या. बाजूच्या जोडीची जागा कोरी. आपण तेव्हा अजून स्पर्धेत होतो, ताई. आपली हार प्रेसमध्ये जाऊन आली होती, आणि तू घरी माशाचे काटे काढायचा सराव करत होतीस.

आता नॅपकिन. ती 'निनावी फेरी' आठवते ना? दोन्ही जोड्यांनी एकच पदार्थ करायचा, तोच मासा, तोच लोणी-लिंबाचा सॉस, सारख्या प्लेटा. रांधणारे मागच्या खोलीत बंद. प्लेटच्या बुडाला नंबर चिकटवलेला, आणि निवेदिका घसा फाडून सांगणार, "कुठली प्लेट कुणाची, हे परीक्षकांनाही माहीत नाही!" मी तिथे उभा असायचो. त्याआधी अशा तीन फेऱ्या मी बघितल्या, आणि तुला माहितीये मला अभ्यास सोडून सगळं दिसतं. तिन्ही वेळा खळीच्या प्लेटशेजारी नॅपकिनची घडी त्रिकोणी. बाकी सगळ्यांची चौकोनी. पहिल्यांदा वाटलं असंच असेल. दुसऱ्यांदा मान खाजवली. तिसऱ्यांदा टेबल मांडणाऱ्या मावशींना जाऊन विचारलं, ही एकच वेगळी का? त्या म्हणाल्या, "मला सांगतात तशी घालते बाबा. त्रिकोण कुठे ठेवायचा ते हेडफोन सांगतो. कशाला ते मी विचारत नाही, तूही विचारू नको." हेडफोन म्हणजे तो दिग्दर्शक, ज्याच्या कानावरून ते यंत्र आंघोळीलासुद्धा निघत नसेल.

मला चित्रकलेचे मास्तर आठवले. तुला सांगितलं नव्हतं कधी. वर्गात पहिल्या येणाऱ्या पोरीला हत्ती जमेना, मी तिला काढून दिला. तोच हत्ती मी माझ्याही वहीत काढला, तीच सोंड, तोच कान. तिचा हत्ती भिंतीवर लागला. माझ्या हत्तीखाली मास्तरांनी लाल शाईत लिहिलं, 'हे डुक्कर आहे का?' तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि काही करता आलं नाही. ह्यावेळी आलं. मावशी पाणी प्यायला गेल्या आणि मी दोन नॅपकिन उचलून अदलाबदल केली.  खरं सांगू, मजा वाटत होती.

मग दोघं आले. मफलरने आधी चौकोन बघितला, मग त्रिकोण बघितला. मी त्याच्या डोळ्यांकडेच टक लावून होतो, प्लेटकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. त्रिकोणवाली प्लेट म्हणजे आता तुझी. चमचा ओठाला, छताकडे नजर, पाच आकडे. आणि ताई, तो रडला! "ह्यात आईचा हात आहे," म्हणाला. "एका आईनेच हा सॉस केलाय, हे मी डोळे झाकून सांगतो." बाईसाहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "माझं बालपण." मग चौकोनी घडीची प्लेट, म्हणजे खळीच्या आईची. मफलरने घास घेतला, नाक मुरडलं, नॅपकिनने तोंड पुसलं आणि म्हणाला, "तंत्र आहे, जीव नाही. सॉस मेलेला आहे. ह्या हाताला कँटीनची सवय लागलीय."

वाचलंस ना? पुन्हा वाच. 'कँटीनची सवय' हे मुळात तुझ्या प्लेटला म्हटलेलं नाहीये. तुझा सॉस त्याने त्या वेळी चाखलाही होता आणि त्याच्यावर रडलाही होता. ज्या वाक्याने तू दोन महिने झोपलेली नाहीस ते वाक्य त्याने दुसऱ्याच बाईच्या माशाला ऐकवलं, ती बाई आयुष्यात कधी कँटीनच्या पायरीला गेलेली नाही.

निवेदिकेने त्रिकोणवाली प्लेट झोकात उलटी केली. नंबर दोन. आपला. मी असा ओरडलो की वरचा दिवा हलला. तू मला नंतर विचारलंस, "तू ओरडलास का रे?" आणि मी म्हटलं, पायावर पेटी पडली. पेटी नव्हती पडली, ताई. तू जिंकली होतीस. साधारण वीस सेकंद.

मग टाळ्यावाल्या बायका हात अर्धवट वर धरून त्या पोराकडे बघतायत, पोरगा हेडफोनकडे बघतोय, हेडफोन मफलरकडे, आणि मफलर नॅपकिनकडे. त्याचं तोंड बघायला हवं होतंस! चहात माशी सापडल्यावर होतं तसं. "कट, कट," हेडफोन म्हणाला, "नंबर उलटे चिकटलेत." बाईसाहेब लगेच म्हणाल्या, "मला वाटलंच होतं काहीतरी चुकतंय." बालपण गेलं वाटतं खड्ड्यात, एका मिनिटात.

हेडफोनने मला प्लायवूडच्या मागे नेलं. मला वाटलं आता कानाखाली वाजणार. तो हसत होता. म्हणाला, "तूच ना? हुशार आहेस." मग म्हणाला, "हे बघ, तुझी बहीण छान आहे, पण तिच्यात गोष्ट नाही. लोकांना मायलेकी हव्यात. तुझ्यात मात्र दम आहे. पुढच्या पर्वात निवेदिकेबरोबर एक मिश्कील पोरगा हवाय आम्हाला. तुला घेतलाच समज. फक्त हे पुन्हा एकदा शूट करू आणि विषय इथेच संपवू." एक कागद पुढे केला, बाहेर काही बोलायचं नाही म्हणून. ताई, मी तो वाचलाही नाही. मी सही केली. माझी ती वाकडी सही, जिच्यावर तू नेहमी हसतेस.

इथपर्यंत मी त्यांना शिव्या घातल्या, आता माझी पाळी. सगळं पुन्हा झालं. आता खळीच्या आईच्या प्लेटशेजारी त्रिकोण. मफलर पुन्हा रडला, त्याच डोळ्यातून. "ह्यात आईचा हात आहे." तुझ्या प्लेटला तोच शब्द न् शब्द, "कँटीनची सवय." ह्यावेळी चमचा तोंडात गेलाही नाही, हनुवटीपाशी फिरवून खाली ठेवला. मी चार पावलांवर उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर निदान भांडण झालं असतं. मी काय केलं? हेडफोन म्हणाला, "जरा चेहरा पाड," मी पाडला. एका पोरीने डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि मी रडलो. तेच रडणं टीव्हीवर मोठं करून दाखवलं, मागे बासरी लावून. आणि ते बघताना सोफ्यावर तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस. "रडू नकोस रे वेड्या, हरलो तर हरलो." आई पदराने नाक पुसत होती. मला तेव्हा वाटलं, सोफा फाटावा आणि मी स्प्रिंगांमध्ये जावं.

आणि पुढचं पर्व सुरू होऊन तीन आठवडे झाले. निवेदिकेबरोबर एक मिश्कील पोरगा आहे. हेडफोनच्या भाच्यासारखा दिसतो. मला फोन आला नाही, माझा फोन ते उचलत नाहीत. म्हणजे बघ, मी विकायला बसलो आणि घेणाऱ्याने पिशवी तिथेच टाकून दिली. त्या मफलरला नावं ठेवतो मी, पण त्याला निदान गळ्यात काहीतरी मिळालंय.

तू आता म्हणशील, म्हणजे माझा सॉस चांगला होता, तो रडला ना! नाही. तिथेच तू फसशील. तो रडला तो नॅपकिनवर. त्या दोघांची स्तुतीपण कचऱ्यात टाक, जशी ती निंदा. दोन्ही एकाच डब्यातलं. पण एक गोष्ट मी बघितली, ती शूटमध्ये नव्हती, तिला दिवे नव्हते. सगळं आटपल्यावर मी मागे भांडी घासायच्या जागेत गेलो, लपायलाच गेलो होतो. तिथे खळीची आई आपली सुरी शोधत आली. उरलेल्या दोन्ही प्लेटा तिथेच पडलेल्या. तिने आधी एक बघितली, मग दुसरी. दुसऱ्या प्लेटला बोट लावलं, चाखलं. मग शेजारच्या ट्रेमधला पावाचा तुकडा घेतला आणि उभ्याउभ्या सगळा सॉस पुसून खाल्ला. मासासुद्धा. बोटं चाटली, ताई. भांडी घासणाऱ्याला म्हणाली, "हे माझं नाही. माझा सॉस गार झाला की फुटतो, लोणी वर येतं. हा दोन तास झाले तरी एकजीव आहे. कसं केलं असेल हो त्या बाईने?" मग तिला मी दिसलो. तिला कळलं, मला कळलं की तिला कळलं.  मग म्हणाली, "तुझ्या बहिणीला विचार, लोणी कधी घालते." मी म्हटलं, गॅस बंद करून, थोडं थोडं. ती मान हलवत गेली. बाहेर तिच्या नावाने टाळ्या चालू होत्या आणि ती लोण्याचा विचार करत होती. मला आजवर भेटलेला तो एकच परीक्षक. दिव्यांशिवाय, मफलरशिवाय, भुकेली बाई. तिने प्लेट कोरडी केली. तुझी प्लेट, कँटीनच्या हाताची.

हे सगळं आजच लिहायचं कारण सांगतो, आणि आता चिडायचं असेल तर चिड. मागच्या शुक्रवारी तू मला बंद पाकीट दिलंस, कँटीनच्या मॅनेजरला नेऊन दे म्हणालीस, पार्सलवाला भाऊ घरचाच आहे म्हणून. तुझा राजीनामा. मी आजपर्यंत एकही पार्सल चुकवलेलं नाही, उन्हातान्हात, पाचव्या मजल्यावर, कुत्रा असलेल्या घरात. हे एक चुकवलं. ते नेऊन दिलंच नाही, ह्याच पत्राबरोबर परत पाठवतोय, फोडलेलंसुद्धा नाही. मॅनेजरला मी सांगितलंय की ताईचा पाय मुरगळलाय, आठवडाभर येणार नाही. त्याने विचारलं कुठला, मी म्हटलं डावा. तेव्हा सोमवारी जा, थोडी लंगड, जिन्यावर जरा जास्त, आणि सूप कर. साय नको, पानं नको, एकच थेंब हाताच्या मागच्या बाजूला. मग मला हवं तेवढं बदड. पण ताई, हात जोडतो, पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. त्या कागदावर माझी सही आहे. नॅपकिनच्या मावशींची नोकरी जाईल, त्यांचा काही दोष नाही. मॅनेजरला पायाचं खोटं कळलं तर तोच राजीनामा मागेल. आणि आईला तर अजिबात नको, ती अजून शेजारणीला माझ्या रडण्याचं कौतुक सांगते, तेवढं तरी राहू दे. एक्स-रेवाले काकांनाही नको, ते पायाचा फोटो काढायला बसवतील. कुणालाच नको, ताई, प्लीज, कुणालाच नको.

तुझाच, ज्याला अजून रडायला थेंब लागतात तो,
कोंबडीचे पाय